तीनशे बासष्टावा ठिपका

पेंटरला बाजारात सगळे 'बिनचूक' म्हणत. थोडे जण कौतुकाने म्हणत, बरेच जण वैतागून. या दोन्हींतला फरक पेंटरला कधी कळला नाही, आणि कळला असता तरी त्याने तो आपल्याच बाजूने लावून घेतला असता.

पाट्या आणि तक्ते रंगवणं हा त्याचा धंदा. एका न्हाव्याच्या दुकानाची पाटी दाराच्या बरोबर मधोमध येईना, तेव्हा पाटी सरकवण्याऐवजी त्याने न्हाव्याला दार चार बोटं सरकवायला लावलं, आणि न्हाव्याने ते खरंच सरकवलं. पेंटरच्या आवाजात ताकदच तेवढी होती. शाळेसाठी बेडकाचा तक्ता रंगवताना तो विज्ञानाच्या मास्तरांशी दीड तास भांडला. मास्तरांनी दिलेल्या चित्रात बेडकाच्या पुढच्या पायाला पाच बोटं होती. पेंटरने डबक्यातला बेडूक धरून मोजली होती, ती चार भरली. मास्तरांनी शेवटी हात टेकले.

हाच आवाज संध्याकाळी घरी यायचा. घरी भांडायला मास्तर नव्हते, बायको होती. डब्याचं झाकण नीट लागलेलं नसे, चादर एका बाजूने जास्त लोंबत असे, भाजीत मीठ कणभर कमी पडलेलं असे. पेंटरच्या मते या लहान गोष्टी नव्हत्या. "चूक ती चूक!" हे तो अशा काही जोरात म्हणे की खालच्या मजल्यावरची शिंपीण मशीन थांबवून पुढचं ऐकायला बसे. त्याने कधी हात उगारला नाही, कधी शिवी दिली नाही, आणि एवढ्या दोन गोष्टींवर तो स्वतःला फार चांगला नवरा समजत असे.

अशा माणसाकडे एके दिवशी सुयांच्या संस्थेचे सर आले. संस्था एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना खालून इस्त्रीची वाफ आणि वरून स्पिरिटचा वास यायचा. सर परदेशात दोन वर्षं राहून ॲक्युपंक्चर शिकून आले होते आणि आता इतरांना शिकवत होते. सकाळी वर्ग, दुपारी पेशंट. वर्गाला एक मोठा तक्ता हवा होता. माणसाएवढ्या दोन आकृत्या, एक पुढून आणि एक मागून, अंगावर सगळ्या रेषा आणि सगळे बिंदू.

"शरीरात चौदा मुख्य मार्ग असतात, पेंटर," सर म्हणाले. "त्यातून जीवनशक्ती वाहते. कुठे अडली की दुखणं येतं. मग योग्य बिंदूवर केसासारखी बारीक सुई टोचायची, वीस-पंचवीस मिनिटं ठेवायची, की वाट मोकळी."

"बिंदू किती?" पेंटरने विचारलं.

"तीनशे एकसष्ट."

"नक्की?"

सरांना असा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. त्यांनी पुस्तक काढून दाखवलं. पेंटरने तिथल्या तिथे उभं राहून सगळे बिंदू मोजले, तेव्हाच त्याचं समाधान झालं. शरीरात काही वाहतं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. रेषा बरोबर जागी आली पाहिजे आणि आकडा जुळला पाहिजे, एवढंच.

एकवीस दिवस तो त्या तक्त्यापुढे होता. आधी अंगाचा रंग, तो दहा डबे एकत्र करून जमवलेला. त्यावर निळ्या रेषा. मग लाल ठिपके, प्रत्येक ठिपका एकदाच, डाव्या अंगाला, आणि प्रत्येकाशेजारी काळ्या बारीक अक्षरात त्याचा नंबर. रोज काम संपवताना तो मोजणी करून जाई. शेवटच्या दिवशी, दुपारी, तो टेबलावर उभा राहून खांद्याजवळचा राहिलेला एक ठिपका भरत होता. तीनशे एकसष्टावा. तो भरला, हात मागे घेतला, आणि घेता घेता कसं कोण जाणे, हात हलला. ब्रश तक्त्याला टेकला. पुढच्या आकृतीच्या डाव्या हातावर, आतल्या बाजूला, कोपराखाली चार बोटांवर, दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत आणखी एक लाल ठिपका उमटला. छान गोल आला होता.

पेंटर त्याच्याकडे बघतच राहिला. चाळिशीपर्यंत त्याचा हात कधी चुकला नव्हता. त्याची बायको तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन आली होती, ती खाली उभी होती. ती काही बोलली नाही. पेंटरने फडकं उचललं आणि तेवढ्यात सर पाच-सहा पाहुण्यांना घेऊन वर्गात शिरले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असताना आपल्या चुकीवर फडकं फिरवणारा माणूस वेगळा असतो, पेंटर तसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठिपका वाळला. वरून अंगाचा रंग लावता आला असता, पण तो रंग संपला होता, आणि दहा डब्यांचं मिश्रण पुन्हा तसंच जमत नाही. तिथे डाग दिसला असता. डाग म्हणजे 'इथे चूक झाली' अशी पाटीच. ठिपका निदान ठिपक्यासारखा दिसत होता. पेंटरने बराच विचार केला आणि मूग गिळून गप्प बसायचं ठरवलं.

पुढच्या आठवड्यात तो तक्त्याला वॉर्निश मारत असताना एका विद्यार्थिनीने हात वर केला. "सर, डाव्या हातावरच्या या बिंदूला नंबर का नाही?"

सर जवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. सर विद्वान होते, प्रेमळ होते, पेशंटसाठी जीव टाकणारे होते, फक्त 'मला माहीत नाही' हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघत नसत.

"तो," सर म्हणाले, "वरच्या अभ्यासक्रमात आहे."

पेंटरने तोंड उघडलं. मग मिटलं. वॉर्निशचा ब्रश जरा जास्तच वेळ त्याच जागेवर फिरत राहिला.

आता वरच्या अभ्यासक्रमात आहे म्हटल्यावर वरचा अभ्यासक्रम काढणं आलं. तो सहा महिन्यांत निघाला. त्यात शिकवायला बिंदू हवा, म्हणून सरांनी तिथे सुया टोचून पाहिल्या. कोणाला पाठ हलकी वाटली, कोणाला टेबलावरच डोळा लागला. सरांनी त्याचं नाव ठेवलं 'विश्रांती बिंदू', आणि दोन-तीन वर्षांत सरांचा स्वतःचाही त्यावर पक्का विश्वास बसला. इकडे पेंटर रोज सकाळी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हात लांब करून धरायचा आणि शंभर आकडे मोजायचा. थेंब सांडतो का पाहायचं. एकदाही सांडला नाही. मग त्या दिवशी हात हलला कसा? या एका प्रश्नाने त्याचं आतून भुसकट केलं होतं, पण बाहेर त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

अशी अठरा वर्षं गेली. पाट्या मशीनवर छापून मिळू लागल्या, पेंटरकडे काम थोडं उरलं आणि घरी बसायचा वेळ वाढला. घरी तो वेळ त्याने चुका शोधण्यात सत्कारणी लावला.

बायकोला अर्धशिशी होती. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच सुरू झालेली. उजव्या डोळ्यामागून कळ निघायची, मळमळायचं, उजेड सोसायचा नाही, आणि ती कपाळावर ओलं फडकं ठेवून, पडदे ओढून पडून राहायची. महिन्यातून दहा-दहा, बारा-बारा वेळा. मोठ्या दवाखान्यात डोक्याचे फोटो काढले, त्यात काही निघालं नाही. गोळ्यांनी डोकं थांबायचं आणि पोट बिघडायचं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "सुयांचं करून बघा. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण काही जणांचे झटके कमी होतात."

पेंटर तिला घेऊन ऐटीत संस्थेत गेला. आपला तक्ता दाखवायची ही आयती संधी होती. आता तिथे पेशंट बघायला सरांची एक जुनी विद्यार्थिनी होती. पेशंट तिला सुईबाई म्हणत. अठरा वर्षांपूर्वी वर्गात हात वर करणारी ती हीच. माणूस सरळ. आधीचे कागद नीट वाचायची, गाठ किंवा ताप असला की "आधी डॉक्टर, मग मी" म्हणून परत पाठवायची. तिने कोऱ्या सुयांचं पाकीट पेंटरच्या बायकोसमोर फोडलं. पहिली सुई कपाळाच्या कडेला, दुसरी अंगठ्याजवळ, तिसरी पावलावर.

"दुखतंय का, काकू?"

"नाही हो. जरा जड वाटतंय."

"तसंच वाटायला हवं." मग तिने डाव्या हाताची बाही वर केली, कोपराखाली चार बोटं मोजली आणि आतल्या बाजूला सुई टोचली. "आणि हा आमचा खास. विश्रांती बिंदू."

पेंटरच्या कपाळाला दरदरून घाम फुटला. सुईबाई म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा, काही जणांना सुया बघवत नाहीत."

बाहेरच्या बाकावर पेंटरने हिशेब मांडला. ठिपका खोटा. खोट्या ठिपक्याने डोकं थांबणार नाही. थांबलं नाही की सुईबाई विचारात पडणार, पुस्तक उघडणार, कधीतरी कोणीतरी ठिपके मोजणार. म्हणजे डोकं थांबलंच पाहिजे. आता बायकोचं डोकं थांबावं असं त्याला मनापासून वाटत होतं, हे नाकारून चालणार नाही. पण त्या मनापासूनमध्ये आपलं बिंग फुटू नये हा भाग किती होता, ते मोजायला मात्र तो बसला नाही.

निघताना सुईबाईने एक छापील कागद दिला. 'सुईच्या दिवशी घ्यायची काळजी.' उपाशी राहू नये. जेवण वेळेवर व्हावं. पाणी भरपूर प्यावं. घरी गेल्यावर तासभर आडवं पडावं. उजेड मंद ठेवावा. मोठा आवाज टाळावा. मनाला त्रास होईल असं काही नको.

तो कागद पेंटरने स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला, पातळी लावून, अगदी सरळ, आणि कामाला लागला. एक गोष्ट खोटी असेल तर बाकीच्या सगळ्या तरी बिनचूक झाल्या पाहिजेत. सुईचे वार मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी पेंटर पडदे ओढायचा. चहा स्वतः करायचा, भांडी वाजू नयेत म्हणून ओट्यावर फडकं अंथरायचा. भाजीत मीठ नसलं तर तशीच गिळायचा. शिंपीण खाली मशीन थांबवून वाट बघायची, पण वरून काही येत नसे.

बुधवारी मात्र झाकण चुकलं की आवाज चढलाच. कागदावर 'सुईच्या दिवशी' असं लिहिलं होतं, आणि पेंटर कागदाबाहेर जाणारा माणूस नव्हता.

सहा महिन्यांत बायकोचं दुखणं निम्म्यावर आलं. सुईबाईने तिला एक वही दिली होती. तारीख, वार, दुखणं दहापैकी किती, आणि शेवटचा रकाना, 'कशामुळे वाटतं?' सुईबाई ती वही दर वेळी बारकाईने वाचायची. एकदा तिने पेंटरलाच आत बोलावलं.

"काका, हे बघा. मंगळवारी आणि शुक्रवारी एकदाही डोकं दुखलेलं नाही. सुईच्या दिवशी कधीच नाही! मी सरांना दाखवलं. सर म्हणाले, विश्रांती बिंदूच."

पेंटरला हसावं की रडावं कळेना. त्याने घसा साफ केला. "बाई, समजा... समजा हं... एखादी सुई चुकीच्या जागी गेली तर?"

"खरं सांगू का?" सुईबाई म्हणाली. "याच्या चाचण्या झाल्यात. खोट्या जागी टोचलेल्यांनाही बऱ्यापैकी बरं वाटतं. सुई टोचली की शरीर स्वतःच वेदना दाबणारं काहीतरी सोडतं म्हणतात. शिवाय माणूस शांत पडतो, कोणीतरी त्याची विचारपूस करतं. त्यात सुईचं किती आणि बाकीचं किती, यावर अजून भांडणं चालू आहेत." पेंटरच्या जिवात जीव येतो न येतो तोच ती पुढे म्हणाली, "पण काकूंच्या बाबतीत मला काडीची शंका नाही. इतकं साफ कधी पाहिलं नव्हतं."

वर्ष झालं तशी सुईबाई म्हणाली की आता पंधरा दिवसांतून एकदा आलात तरी चालेल. कधी कोणाशी वाद न घालणारी पेंटरची बायको त्या दिवशी अडून बसली. "नको. मंगळवार-शुक्रवार राहू द्या. जमलं तर अजून एखादा वार वाढवा."

"रोज कोणी सुया टोचून घेत नाही, काकू," सुईबाई हसून म्हणाली.

"मला चालेल," बायको म्हणाली. ती हसत नव्हती.

मग संस्थेची नवी जागा झाली आणि सरांनी पेंटरला बोलावणं धाडलं. जुना तक्ता ओल लागून फुगला होता. नवा हवा, थेट भिंतीवर, महिन्याभराने होणाऱ्या उद्घाटनाआधी.

"अगदी तसाच, ठिपक्याला ठिपका," सर म्हणाले. "फक्त विश्रांती बिंदू जरा मोठा काढा. त्याच्याभोवती सोनेरी कडं करा. खाली नाव. बाहेरगावचे लोक येणार आहेत."

पेंटरने मान हलवली आणि कामाला लागला. तीनशे एकसष्ट ठिपके झाले. सोनेरी रंगाची डबी उघडून टेबलावर ठेवली. आणि त्याचा हात पुढे जाईना.

पहिली वेळ अपघाताची होती. आता ठरवून, मोठी करून, सोन्याने मढवून चूक रंगवायची? त्याने आयुष्यात एवढी एकच गोष्ट कमावली होती, बरोबर ते बरोबर म्हणायची. ती हातानेच पुसायची? बरं, नाही काढला ठिपका, तर सर विचारणार, सांगावं लागणार, आणि ते बायकोच्या कानावर जाणार. आपण दीड वर्ष रंगाच्या डागावर सुई टोचून घेत होतो हे कळल्यावर तिचं डोकं उद्याच पुन्हा धरणार. महिन्यातले बारा दिवस ते ओलं फडकं, ते ओढलेले पडदे. पेंटरला ते सगळं आठवलं. सोमवारी दुपारपर्यंत तो नुसता टेबलावर उभा होता. शेवटी ब्रश धुऊन ठेवला आणि घरी गेला. कळायचंच असेल तर तिला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

बायको वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. नवऱ्याला भर दुपारी दारात बघून ती दचकली. "अहो, बरं नाही का?"

"तुला एक सांगायचंय. तो विश्रांती बिंदू... तो खरा नाही. माझी चूक आहे ती. हात हलला माझा तेव्हा."

बायकोने हातातली घडी पुरी केली आणि ढिगावर ठेवली. "तुमचा हात नव्हता हलला," ती म्हणाली. "टेबल हललं. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. मी डबा ठेवला आणि ते डुगडुगलं. ठिपका माझ्यामुळं पडला."

पेंटर तिच्यासमोर खाली बसला. "तुला माहीत होतं?"

"माझ्या डोळ्यांदेखत पडला की."

"एकोणीस वर्षं! आणि बोलली नाहीस?"

"चार लोकांसमोर तुमचा आवाज ऐकायची माझी तयारी नव्हती. त्या दिवशी आधीच डोकं दुखत होतं."

"अगं, मी एकोणीस वर्षं रोज सकाळी पेला धरतोय! हात कापतो का बघायला! आणि तू मला धरू दिलास?"

"पेला धरता तेव्हा तुम्ही बोलत नाही," बायको म्हणाली.

पेंटरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वार सोमवार होता, कागदाची काही आडकाठी नव्हती. "म्हणजे तुला माहीत होतं ठिपका खोटा आहे, तरी त्यावर सुया टोचून घेत होतीस? आणि डोकं थांबत होतं? कसं थांबत होतं? सांग ना, कसं?"

खाली मशीन थांबली.

बायकोने उजव्या डोळ्यावर बोटं दाबली. मग उठून फळीवरची वही काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पेंटरने ती आधी पाहिली होती, पण सुईबाईच्या हातात. आता त्याने एकेक पान उलटलं. बुधवार, सात. गुरुवार, आठ. शनिवार, सहा. रविवार, नऊ. सोमवार, सात. मंगळवार नाही, शुक्रवार नाही. पुढच्या पानावर नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आणि शेवटचा रकाना, 'कशामुळे वाटतं?', पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा.

"इथं तू काहीच लिहिलं नाहीस," पेंटर म्हणाला.

"काय लिहू?" ती म्हणाली. "ती वही बाई वाचतात."

पेंटरने वर बघितलं. समोर भिंतीवर पातळी लावून चिकटवलेला कागद होता. मोठा आवाज टाळावा. तो कागद त्याने दीड वर्ष अक्षर न् अक्षर पाळला होता, आणि एकदाही वाचला नव्हता. त्याला भयंकर लाज वाटली. न्हाव्याचं दार, बेडकाची बोटं, तीनशे एकसष्ट ठिपके, सगळं त्याने मोजलं होतं, आणि घरातलं माणूस कुठे दुखतं आणि कशाने दुखतं हे एका वहीत वारांसकट लिहून ठेवलं होतं तरी त्याला दिसलं नव्हतं. तो उठला. त्याने पडदे ओढले. ओट्यावर फडकं अंथरून चहाचं भांडं ठेवलं. बायको डोळ्यावरची बोटं काढून त्याच्याकडे बघत राहिली. दुखणं त्या दिवशी आलं आलं म्हणता म्हणता परत गेलं.

मंगळवारी दोघं बरोबरच संस्थेत गेले. पेंटर सरांच्या खोलीत शिरला. "सर, विश्रांती बिंदू म्हणजे माझी चूक आहे. रंगाचा डाग. पुस्तकात तो नाही."

टेबलाचं तो काही बोलला नाही. घराबाहेर चूक आपल्या नावावर घ्यायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ, आणि तीही नेमकी त्याची नव्हती.

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. "आणखी कोणाला सांगितलंत?"

"बायकोला."

"काही फरक पडला त्यांना?"

"काल दुखलं नाही."

"मग झालं तर," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "तक्त्यावर नकोच तो. वरच्या अभ्यासक्रमातलं तक्त्यावर काढायचंच नसतं."

सुईबाईला मात्र बायकोनेच सगळं सांगितलं, टेबलासकट. सुईबाई आधी पांढरीफटक पडली, मग तोंडावर हात ठेवून हसत सुटली. "अहो, पण काकू, मग मी तुमच्या हातावर सुई कुठं टोचू?"

"कुठंच नका टोचू. बाकीच्या पुरेत. पण अर्धा तास पुरा द्यायचा हं."

बुधवारी पेंटर नव्या भिंतीपुढे जुन्याच टेबलावर उभा राहून नंबर लिहीत होता. काळा ब्रश, बारीक काम. तीन-चार विद्यार्थी मागे उभे राहून बघत होते. बायको डबा घेऊन आली आणि तिने तो टेबलावर ठेवला. टेबलाचा पाय आखूड आहे हे आता दोघांनाही माहीत होतं, तरी तिने डबा जरा जोरातच ठेवला. टेबल डुगडुगलं आणि आकृतीच्या मांडीवर करंगळीएवढा काळा फराटा उमटला.

विद्यार्थ्यांनी श्वास रोखले. 'बिनचूक'ची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. पेंटरने फराट्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. बायको दोन्ही हात पदराखाली घेऊन त्याच्याकडे सरळ बघत उभी होती. पेंटरचं तोंड उघडलं, छाती भरली, मानेची शीर वर आली. तसाच तो दहा-बारा आकडे मोजेपर्यंत उभा राहिला, पेला धरल्यासारखा. मग त्याने खांद्यावरचं फडकं काढलं.

"ओला आहे अजून," तो म्हणाला. "पुसता येईल."

त्याने पुसलं. तरी तिथे मळकट डाग राहिलाच, आणि पेंटरने तो राहू दिला. तो खाली उतरला, हात धुतले आणि टेबलाच्या कडेला तिच्याशेजारी जेवायला बसला.

"आज बुधवार आहे," बायको हळूच म्हणाली.

"माहीत आहे," पेंटर म्हणाला.

भाजीत मीठ अजिबात नव्हतं. त्याने ती दुसऱ्यांदा वाढून घेतली.